मिस पर्ल दुपारी गाते

मंगळवार, ३ एप्रिल १९५१

ही डायरी मयताच्या विम्याच्या एजंटाने फुकट दिली. दर पानाच्या कोपऱ्यात शवपेटीचं चित्र आहे आणि खाली छापलंय, 'काळजी आमच्यावर सोडा'. जानेवारीपासून ती कोरी पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. वर्नेल टॉलिव्हर लाँड्रीत गेली, गोऱ्यांच्या चादरींना इस्त्री केली, घरी आली. हे लिहायचं कशाला?

आज मात्र घडलं. मी रेडिओवर गाणार आहे.

क्लीओफसने नेलं मला. तो माझ्याबरोबर माउथ ऑर्गन वाजवतो, लहानपणापासून शेजारी राहतो आणि स्वतःला माझा मॅनेजर समजतो. पर्ल मैदा कंपनीच्या दुपारच्या कार्यक्रमातली बाई शिकागोला निघून गेली, हे त्याला कुठूनतरी कळलं. रेडिओ स्टेशन नदीकाठच्या कापसाच्या गोदामावर आहे. मागच्या जिन्याने वर गेलो. तिथला निवेदक मिस्टर हॉलिस च्युइंग गम चघळत बसला होता.

"गाणार कोण?"

"मी."

"गिटार?"

"तीपण मीच."

"मग हा कशाला आलाय?"

"दम लागला की माझ्याऐवजी हा श्वास घेतो," मी म्हटलं. क्लीओफसने माझ्याकडे असं बघितलं की मला हसू दाबता येईना.

मी तारांवर सरकवायचा काचेच्या बाटलीचा गळा करंगळीत चढवला, तारा माझ्या पद्धतीने उतरवून लावल्या आणि एक गाणं म्हटलं. अर्ध्यात हॉलिसचं चघळणं थांबलं. "गुरुवारपासून ये," म्हणाला. "नाव मिस पर्ल. खरं नाव मैद्याला शोभणारं नाही."

त्याला वाटलं मला राग येईल. मला तर त्याचे पाय धरावेसे वाटले. खरं नाव लागलं असतं तर गुरुवारीच सगळं संपलं असतं, कारण माझी आई म्हणजे माउंट नीबो चर्चची मदर टॉलिव्हर, तिथली सगळ्यात मानाची वडीलधारी बाई. महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरे कपडे घालून पहिल्या बाकावर बसते. आमच्या चर्चात देवाचं गाणं आणि प्रेमाबिमाचे ब्लूज एका तोंडात चालत नाहीत. कुणी सापडला तर भर बैठकीत उभं करतात. गिटार सोडतो म्हणून माफी मागायची, नाहीतर हात वर करून मत घेतात आणि त्याला चर्चातून बाहेर काढतात. आणि मुलगी बाहेर निघाली की आईलाही पहिल्या बाकावरून उठावं लागतं. तो बाक हा आईचा सगळा संसार आहे.

शनिवारी मी नदीपलीकडे मासे तळण्याच्या पार्ट्यांना वाजवते, तेसुद्धा तिला माहीत नाही. हॉटेलात जादा इस्त्री असते असं सांगितलंय. मागे एकदा म्हणाली, "त्या हॉटेलात चादरी फारच चुरगळतात बाई." साधी आहे माझी आई.

गुरुवार, ५ एप्रिल

झालं. गायले. जिवंत आहे.

लाँड्रीच्या जेवणाच्या सुट्टीत पळत गेले, घामाने निथळत. लाल दिवा लागला आणि मी सवयीने भिंतीकडे तोंड करून वाजवायला सुरुवात केली. पार्ट्यांमध्ये मी नेहमी पाठ करते. माझ्या तारा कशा लावल्यात आणि बोटं कुठे पडतात हे बघून दुसरे गिटारवाले चोरतात, म्हणून सगळेच असं करतात. माइक राहिला माझ्या पाठीमागे. हॉलिस हातवारे करत धावत आला आणि मला खांद्याला धरून वळवलं. पहिलं कडवं नदीकाठच्या या अख्ख्या डेल्टाला माझ्या पाठीचं ऐकू आलं असणार.

बाहेर आल्यावर क्लीओफस म्हणाला, "रेडिओतून बोटं दिसतात असं वाटलं का तुला?"

"सावध असलेलं बरं."

"वर्ने, तू वेडी आहेस," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

सोमवार, ९ एप्रिल

आज एक गडबड झाली, पण ती फार छान निघाली.

शेवटचं गाणं लवकर संपलं. हॉलिस दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखं करत होता, म्हणजे वाढव. माझ्याकडे शब्दच उरले नव्हते. मग तोंडातून आपोआप आळवणी निघाली. चर्चात जुनं स्तोत्र संपतं, शब्द संपतात आणि नंतर नुसता आवाज लांबवत, हेलकावे देत राहतात, ती. खाली बाटली तारेवर सरकत होती आणि वर माझी आळवणी. माझ्याच अंगावर काटा आला. हॉलिस तर दिवा बंद करायला विसरला.

क्लीओफसचं तोंड मात्र उतरलं होतं. "अगं, ही तुमच्या घरची आळवणी. मध्ये सूर तुटून ती एकदम खाली मोडते ना, तशी फक्त तुझी आई मोडते. चर्चात डोळे मिटूनही कुणी सांगेल कोण गातंय ते."

"चर्चातली माणसं हा कार्यक्रम ऐकतात का?"

"नाही म्हणतात खरं."

"मग झालं तर."

हॉलिस म्हणाला, आता रोज शेवटी हेच हवं. सगळ्या डेल्टात बायका स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकतायत या विचाराने मला संध्याकाळभर जमिनीवर पाय ठेवता आला नाही.

बुधवार, १८ एप्रिल

मैद्याचा खप वाढलाय म्हणे. कंपनीने मिस पर्लचं चित्र काढून पोत्यांवर छापलं. ती गोरी आहे आणि तिच्या हातात लाटणं आहे. क्लीओफसने ते पोतं फाडून मला भेट दिलं.

घरी मात्र आईचं काहीतरी बिनसलंय. आज दुसऱ्यांदा दुपारचा घेवडा करपला. माझ्या आईच्या हातून जन्मात कधी घेवडा करपला नव्हता. वय झालं तिचं, दुसरं काय. शिवाय दुपारच्या वेळी शेजारणींनाही घरात येऊ देत नाही. प्रार्थना करते म्हणे.

रात्रीच्या जेवणाला माझ्यापुढे मध आणि व्हिनेगर घातलेलं गरम पाणी ठेवलं. "घसा जपावा," म्हणाली.

"लाँड्रीच्या वाफेने होतं गं."

"हो. वाफेनेच," आई म्हणाली.

बुधवार, २ मे

आज गंमत झाली. आमच्या चर्चचा एक कारभारी, डीकन ग्रीअर, त्याच्या न्हाव्याच्या दुकानावरून मी जात होते. आत हशा पिकला होता. मला बघताच सगळे गप्प झाले, आणि डीकन मोठ्याने बायबलातलं काहीतरी म्हणायला लागला. अर्धी दाढी झालेला एकजण 'आमेन' म्हणाला. या माणसांची भक्ती बघून मला लाजच वाटली. दुपारच्या वेळी न्हाव्याच्या दुकानातही देवाचं नाव, आणि मी तिकडे मैद्याच्या कंपनीसाठी प्रेमात फसलेल्या बायकांची गाणी गाते.

थोडी पुढे गेल्यावर डीकन शीळ घालताना ऐकू आला. माझीच चाल. पण ती चाल तशी जुनीच आहे, कुणाच्याही तोंडी असेल.

रविवार, ६ मे

पहिला रविवार. आई पांढऱ्या कपड्यांत इतकी ताठ आणि सुंदर दिसत होती की बघत राहावं. आज स्तोत्रानंतर तीच आळवत होती आणि सगळं चर्च तिच्या मागे. हे सगळं माझ्यामुळे तिच्याकडून गेलं तर मी काय करीन?

घरी येताना तिने मला एक धडाही दिला. "आळवणी घाईत उरकू नये. घड्याळाकडे बघत आळवायचं नसतं. मोडण्याच्या आधी थांबावं, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता हिला नाही जमत. मग मोडावं."

"आज मी घाई केली का?"

"आज नाही," आई म्हणाली. "शुक्रवारी."

शुक्रवारी संध्याकाळी गायनमंडळाचा सराव होता, तेव्हाचं म्हणत असेल. उद्या दुपारी तसं थांबून बघणार आहे.

सोमवार, ७ मे

थांबले. हॉलिसचे डोळे भरून आले. खोटं वाटेल, पण क्लीओफस साक्षीदार आहे.

गुरुवार, २४ मे

मेम्फिसहून माणूस आला होता. रेकॉर्ड काढणारा मिस्टर ब्रॅनन, उन्हाने लाल झालेला, टाय सैल केलेला. गाडी चालवताना रेडिओवर ऐकलं म्हणाला, आणि तशीच गाडी वळवून इकडे आणली. सोमवारी, चार जूनला ये म्हणतो. दोन गाणी. एक त्या आळवणीचं, दुसरं मला हवं ते.

मी काय बोलले आठवत नाही. क्लीओफस म्हणतो, मी तीनदा 'हो' म्हटलं आणि एकदा 'धन्यवाद, येशू'. मग आम्ही रस्त्यातच नाचलो. कापसाच्या पेढीसमोर, भर उन्हात, लोक बघत होते. माझं गाणं एका तबकडीवर राहील, मी झोपलेली असतानाही वाजेल, शिकागोत वाजेल, ओळखीचं कुणी नसेल तिथे वाजेल. भिंतीला दोन खिळे ठोकून झाडूची तार ताणायची आणि खाली बाटली सारून वाजवायचं, असं शिकले मी. आज त्या भिंतीला जाऊन सांगावंसं वाटलं.

आईला सांगितलं की सोमवारी लाँड्रीच्या कामाने मेम्फिसला जायचंय. माझा निळा झगा काढून तिने लगेच शिवण तपासायला घेतली. चादरी पोचवायला कुणी असला झगा घालतं का?

सोमवार, २८ मे

वाटोळं झालं.

डीकन ग्रीअरने माझ्याविरुद्ध तक्रार दिली. शुक्रवारी संध्याकाळी चर्चची बैठक आहे. त्याची बायको कितीतरी वर्षं दुसऱ्या बाकावर बसून आईच्या टोपीकडे बघतेय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता तिला पुढे सरकायचंय.

लाँड्रीत मी एक चादर जाळली. क्लीओफस मात्र उड्या मारत आला. "अगं, घाबरतेस काय? साक्षीदार लागतो. स्वतःच्या कानांनी ऐकलेला. आणि ऐकलं म्हणायचं तर आधी उभं राहून कबूल करावं लागेल की मी दुपारी ब्लूज ऐकतो. माउंट नीबोत असा मरद कुणी आहे का?"

मी विचार केला आणि एकदम जिवात जीव आला. खरंच, कोण उभं राहणार?

बुधवार, ३० मे

पण कुणी उभं राहिलंच तर? मग आमचे पाद्री रेव्हरंड मॅकआडू मला विचारणार, माफी मागतेस का.

दोन दिवस हाच विचार चाललाय. मेम्फिस डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि आईही हलत नाही. शेवटी ठरवलं. वेळ आलीच तर माफी मागीन. गिटार विकीन, मिस्टर ब्रॅननला कळवीन की जमत नाही. आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या फरशा पुसल्या, तिच्यापाशी त्या बाकाशिवाय काही नाही. ठरवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. रडू आलं. पण ठरलं ते ठरलं.

आई अजूनही काही विचारत नाही. तक्रारीचं तिला कळलंच असणार, पण ती नुसती निळ्या झग्याची बटणं पक्की करत बसलीय.

शनिवार, २ जून

काल रात्री लिहायला बसले, पण काही सुचेना. आता लिहिते.

चर्च इतकं भरलं होतं की खिडक्यांत माणसं बसली होती. आई पहिल्या बाकावर. मी मागे, क्लीओफसशेजारी. डीकन ग्रीअरने उभं राहून तक्रार वाचली. मिस पर्ल म्हणजे सिस्टर वर्नेल, रोज दुपारी रेडिओवर सैतानाची गाणी गाते, आणि पवित्र आळवणी त्यात मिसळते.

रेव्हरंड मॅकआडूंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही स्वतः ऐकलं का, डीकन?"

"माझ्या कानावर आलं."

"कुणाकडून?"

"गिऱ्हाइकाकडून."

"कोण गिऱ्हाईक?"

डीकनने मागे बघितलं. मागच्या रांगेतले सगळे पुरुष आपापले बूट बघायला लागले.

"मग आळवणी मोडते कशी हे तुम्हाला कसं कळलं?" रेव्हरंडांनी विचारलं. "इथे लिहिलंय तुम्ही, 'सोमवारी फारच छान मोडली.'"

कुणीतरी खुदकन हसलं. डीकनची बायको पंख्याने जोरात वारा घ्यायला लागली. रेव्हरंडांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "ज्याने मिस पर्लचं गाणं स्वतः ऐकलं असेल त्याने उभं राहावं." कुणी हललं नाही. क्लीओफसने माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. रेव्हरंडांनी हायसं वाटून कागद घडी घालायला घेतला.

आई उभी राहिली.

"मी ऐकलंय," ती म्हणाली. "रोज. पहिल्या गुरुवारपासून. ती माझीच मुलगी आहे."

सगळं संपलं होतं, सुटले होते मी, आणि माझ्या आईने, सख्ख्या आईने, मला पुन्हा अडकवलं. रेव्हरंडांचाही चेहरा पडला. "सिस्टर वर्नेल," ते अगदी हळू म्हणाले, "दोन शब्द म्हण, पोरी. चुकले म्हण. आपण सगळे घरी जाऊ."

मी उठले. ठरवलेलं होतंच. तोंड उघडलं, शब्द जिभेवर आला होता, आणि आईने हात वर केला.

"मत घ्या, रेव्हरंड. बाहेर काढायच्या बाजूने माझा हात."

"मदर, तिला बोलू तर द्या."

"ती काय बोलणार ते मला माहीत आहे. चुकले म्हणेल. चुकलेली नाही ती. मी रोज ऐकलंय, त्यात कुठेच चुकल्याचं दुःख नव्हतं. देवाच्या घरात खोटं नको. घ्या मत."

तिचा हात वर तसाच. मग एकेक करून दुसरे हात वर आले, नाइलाजाने, कारण मदरच्या विरोधात कोण जाणार. डीकन ग्रीअरने सगळ्यात शेवटी, आणि अर्धाच. आईने मग स्वतःची पर्स उचलली, पहिल्या बाकावरून उठली आणि मागे भिंतीपाशी जाऊन बसली. डीकनच्या बायकोला पुढे जायचंही सुचलं नाही.

मी घरापर्यंत तिच्याशी बोलले नाही. आजही नाही. एक क्षण थांबली असती तर मी म्हणाले असते आणि तिचा बाक राहिला असता. एवढं साधं तिला कळू नये? का केलं तिने असं?

सोमवार, ४ जून, मेम्फिस

काय लिहू आणि काय नको. केलं. दोन गाणी, आणि मग तिसरंही, कारण मिस्टर ब्रॅननला थांबवेना. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत. मी पहिल्यापासून माइककडे तोंड करून उभी राहिले, कुणाला मला खांद्याला धरून वळवावं लागलं नाही. आळवणीच्या वेळी मोडण्याआधी थांबले, इतकी थांबले की क्लीओफसला वाटलं मी गाणं विसरले. मग मोडली. काचेपलीकडे मिस्टर ब्रॅनन खुर्चीतून उठून उभा राहिला. नंतर त्याने ते आम्हाला वाजवून दाखवलं. माझा आवाज माझ्या बाहेर, एवढा मोठा, आणि त्यात भीती कुठेच नव्हती. क्लीओफस हसत होता आणि रडत होता. मी दोन सॉसेज सँडविच खाल्ले आणि तरी भूक आहे. तबकडीवर काय नाव घालायचं विचारलं, तर मी वर्नेल टॉलिव्हर सांगितलं. आता लपवायचं तरी कुणापासून.

सकाळचं लिहायचं राहिलंच. आई बसपर्यंत आली होती. मी म्हटलं होतं येऊ नकोस, तरी गिटार उचलून चालायला लागली, निळ्या झग्याची मागची कड वाटेत दोनदा नीट केली. बस यायला उशीर होता. मला राहवेना. मी म्हटलं, "आई, मी माफी मागणार होते. तुझ्यासाठी. तुझा बाक राहिला असता."

"ठाऊक आहे."

"मग?"

तिने रस्त्याकडे बघितलं. "मी मागितली होती," ती म्हणाली. "तिथेच. तुझ्याहून लहान होते. पार्ट्यांना गायचे, फार लांबून लोक यायचे. बैठकीत चुकले म्हटलं. सगळे रडले, सगळ्यांनी मला जवळ घेतलं, हातात हात घेऊन गायले. इतकं छान वाटलं मला, वर्ने. इतकं हलकं."

तिने गिटार माझ्या हातात दिली आणि पट्टा खांद्यावर नीट केला.

"आठवडाभरच वाटलं तसं," आई म्हणाली.

मग बस आली.